एकट्या गाडीचा फोटो

गाडी धुणं वेगळं आणि गाडी उजळणं वेगळं, हे मला लग्नानंतर कळलं. माझे पती गाड्या उजळायचे. संगमनेरात, नाशिक-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. ते जाऊन आता चार महिने होतील. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलणाऱ्यांनी त्यांना कष्टाळू म्हटलं, मनमिळाऊ म्हटलं. ते खरंच आहे, पण असं कुणाहीबद्दल म्हणता येतं. त्यांच्या कामाबद्दल कुणी बोललं नाही. मला त्या दिवशी उभं राहून बोलणं जमलं नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. मला लिहिणं जमतं, तेही सावकाश. म्हणून त्यांच्या कामाबद्दल लिहिते आहे.

जुना रंग मेला की गाडी राखेसारखी दिसायला लागते. लोकांना वाटतं, आता नवा रंग मारण्यावाचून गत्यंतर नाही. हे म्हणायचे, "रंग मेलेला नसतो, वरची साय मेलेली असते." ती साय पाण्याच्या पॉलिश पेपरनं आणि रबिंगच्या पेस्टनं इतकी बारीक काढायची की खालच्या रंगाला कळता कामा नये. मग जुन्या बनियनच्या मऊ कापडानं मेण लावायचं आणि पुसायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा पुसायचं. काम नीट झालं की नाही हे ते भर उन्हात कधी पाहत नसत. सकाळी नऊच्या सुमाराला शेडच्या सावलीत, एक डोळा मिटून, पत्र्याला गाल लावल्यासारखे वाकून पाहत. "उनात सगळ्याच गाड्या चमकत्यात. डाग तिरप्या उजेडात घावतो."

आणि एक नियम. काम चालू असताना गाडीवर ताडपत्रीचा पडदा. मालकाला आत प्रवेश नाही. मालक आमदार असो नाहीतर दूधवाला, त्यानं बाहेरच्या बाकावर बसायचं. अर्धं झालेलं काम दाखवणं म्हणजे अर्धवट कपडे घालून पाहुण्यांपुढे येणं, असं त्यांचं मत होतं.

काम झालं की पडदा निघायचा, आणि मग मात्र आमचं गिऱ्हाईक त्या गाडीची वाट लावायला बसायचं. बोनेटवर हळद-कुंकू, हार, पुढे नारळ. आम्ही बौद्ध, आमच्या घरात हे काही नव्हतं. पण हे कुणाला अडवत नसत. "लोकांची श्रद्धा हाय," म्हणायचे, आणि हळूच विनंती करायचे, "दादा, कुंकू काचंवर काढा की. काच पुसता येती." मग फोटो. जवळच्या स्टुडिओवाल्याला बोलावलं जायचं आणि घरची सगळी मंडळी गाडीपुढे उभी राहायची.

या फोटोंची एकेक प्रत हे मागून घेत. माझ्याकडून त्यांनी एक अल्बम आणवला होता. येणाऱ्याला काम दाखवायला हा अल्बम. मी तो कधी नीट पाहिला नव्हता, हे माझं चुकलंच. पाहिला असता तर आधीच कळलं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टरीणबाई एकट्या राहत. त्यांचे यजमान, गावातले जुने डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी गेले होते. ज्या काळ्या, गोल टपाच्या मोटारीतून ते खेडोपाडी व्हिजिटला जात ती अंगणात पडून होती. लहानपणी आपल्या गावात आलेली पहिली मोटार ही, असं हे सांगत. इंजिन अजून सुरू व्हायचं, पण गाडी पाटीसारखी करडी झाली होती. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही अमेरिकेत, तीन वेगवेगळ्या गावांत. बापाची गाडी दारात कुजत ठेवण्यापेक्षा ती गेलेली बरी, असं त्यांनी फोनवर ठरवलं होतं. दिवाळीनंतर भंगारवाला ती ओढून नेणार होता.

एका दुपारी डॉक्टरीणबाई शेडवर आल्या. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, ती गाडी पहिल्यासारखी होईल का?"

हे तिथूनच उठून गेले, गाडीवरून ओलं बोट फिरवून आले. "हुईल, बाई. रंग शाबूत हाय."

"मग मुलांना पटवा. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, आई, तुला माया आहे म्हणून तुला दिसतं. तुमच्या कामाचे फोटो पाठवू या त्यांना. आता कॉम्प्युटरवरून जातात म्हणे."

कॉलेजच्या रस्त्याला तेव्हा इंटरनेटचं पहिलं दुकान निघालं होतं. मी अल्बममधले चांगले वाटले ते चार फोटो घेऊन गेले, ते यंत्रावर ठेवून उतरवून घेतले आणि डॉक्टरीणबाईंच्या तिन्ही मुलांना एकाच वेळी पाठवले. दोन दिवसांनी थोरल्याचं उत्तर आलं. इंग्रजीत होतं. मी शेडवर जाऊन यांना मराठीत सांगितलं: "फोटो मिळाले. सगळी मंडळी आनंदी दिसताहेत. पण गाडी कुठे आहे?"

मी अल्बम उघडला. पहिल्या फोटोत घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार करणारे पाच भाऊ फेटे बांधून उभे. त्यांच्या मागे जीप असावी, कारण दोन टायर दिसत होते. दुसऱ्यात नवरा-नवरी. तिसऱ्यात तीन पिढ्या, आणि आजोबांच्या टोपीमागे टपाची एक कड. शेवटच्या पानापर्यंत असंच. इतक्या वर्षांचं काम त्या अल्बममध्ये होतं, आणि सगळं माणसांच्या पाठीमागे होतं.

स्टुडिओवाला चहाला आला होता. मी त्याला विचारलं, नुसत्या गाडीचा फोटो कधी काढला नाहीत का?

"काढतो की, वहिनी," तो म्हणाला. "अपघात झाल्यावर. इन्शुरन्सवाल्याला लागतो ना. नाहीतर चांगल्या गाडीचा एकटीचा फोटो कोण काढू देईल? मागं एकाला म्हटलं, जरा बाजूला व्हा, तर माझ्यावरच खवळला. म्हणे, काय वाईट चिंततोस का माझं?"

"खरंय त्याचं," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी आमचा वाद झाला. मी म्हटलं, डॉक्टरांच्याच गाडीचं एक दार घ्या. मधोमध चिकटपट्टी लावा. पुढचं अर्धं उजळा, मागचं अर्धं आहे तसं सोडा. आणि तिथेच थांबून फोटो काढू.

"अर्धं दाखवायचं?"

"अर्धं दाखवल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार कसं? सगळं चमकलं की त्यांना वाटेल, गाडी नवीनच आहे. कुणाचीतरी दुसरीच."

"लोक हसतील. मिस्त्री अर्ध्यात पळाला म्हनतील."

"पुस्तकं बांधणी होऊन आली की आम्ही जुनी फाटकी प्रत शेजारी ठेवतो. तेव्हाच प्राचार्यांना खर्च पटतो."

"तुजी पुस्तकं ऱ्हाऊ दे तिकडं," म्हणाले आणि जेवायला बसले. हात धुताना म्हणाले, "पट्टी मधोमध नगं. हँडलच्या पुढं घेऊ. मागचा भाग लई खराब हाय, तिथं फरक जास्त दिसंल." म्हणजे जेवताना मनात दाराला माप लावून झालं होतं.

गाडी शेडवर आणून ते अर्धं दार त्यांनी तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी सकाळी गाडी ढकलून कडुनिंबाच्या सावलीत आणली आणि माझ्या देखत पहिल्यांदाच काम अपुरं असताना पडदा काढला. पट्टी ओढली. एका रेषेच्या अलीकडे पाटी, पलीकडे काळं पाणी. मी ग्रंथालयातून वर्तमानपत्र आणलं होतं. ते दारापुढे उघडून धरलं. उजळलेल्या अर्ध्यात मथळ्याची अक्षरं उलटी, पण एकेक काना-मात्रा दिसेल अशी उमटली. रेषेशी येऊन मथळा तुटला. पुढे काही नाही, नुसती राख.

मी यांच्याकडे पाहिलं. ते दाराकडे पाहत होते. आपलंच काम त्यांनाही असं कधी दिसलं नव्हतं, असं मला वाटलं.

मग स्टुडिओवाल्याचे हाल सुरू झाले. जन्मभर माणसांना गाडीपुढे उभं करणारा तो, आता कुठेही उभा राहिला तरी स्वतःच दारात दिसायचा. त्यात रस्त्यावरची माणसं जमली. कुणी दारात बघून भांग पाडू लागलं, कुणी मिशी पिळू लागलं.

"ए, व्हा बाजूला! सलून हाय व्हय हे?" हे ओरडले.

"मिस्त्री, आमचाबी घ्या की एक! कवा न्हाई ते एवढा काळा आरसा घावलाय!"

"तुजं त्वांड त्यात आलं तर फुटंल तो."

सगळे हसले, पण सरकले. स्टुडिओवाला शेवटी गुडघ्यावर बसला, आडवा झाला, मातीत कोपरं टेकून त्यानं फोटो घेतले. उठताना पँट झटकत म्हणाला, "वहिनी, अपघाताच्या फोटोलासुद्धा एवढा लोळलो नव्हतो."

इंटरनेटच्या दुकानात या वेळी हे माझ्याबरोबर आले. हातांना पेस्टचा वास आणि डाग, म्हणून टेबलाला हात न लावता, हाताची घडी घालून स्टुलावर बसले. फोटो पडद्यावर वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरत होता. दुकानदार म्हणाला, "मोठा आहे. एवढा पाठवला तर लाईन तुटते. लहान करू का?"

"ल्हान केल्यावर अक्षरं दिसतील?"

त्यानं करून दाखवलं. अक्षरं चिकटली.

"मग मोठाच धाडा."

लाईन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा गेला. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "आता न्हाई म्हनले तरी चालंल. बघून न्हाई म्हनतील." पण ते खरं नव्हतं. पुढचे तीन दिवस ते रोज दुपारी ग्रंथालयाच्या पायरीशी येऊन उभे राहत आणि मान वर करून नुसतंच विचारत. मी मान हलवायची. भंगारवाल्याला यायला आठवडा उरला होता.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, ते मुलीचं. दोघा भावांच्या वतीनं तिनंच लिहिलं होतं. मी ते कागदावर छापून घेतलं आणि शेडवर नेऊन वाचलं. गाडी विकायची नाही, असं तिनं आधीच लिहून टाकलं होतं. मग पुढे: दाराच्या न उजळलेल्या भागात, हँडलच्या खाली, एक वाकडा ओरखडा दिसतो आहे. तो माझा आहे. सहा वर्षांची असताना बाबा मला न घेता व्हिजिटला निघाले म्हणून मी कंपासच्या टोकानं तो काढला होता. बाबा रागावले नाहीत. तेवढा राहू द्या. बाकी सगळं करा.

"पुन्ना वाच," हे म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"हँडलच्या खालचा? केसाएवढा हाय तो. तिकडं दिसला?"

"दिसला."

"मंग फोटू बरोबर निघाला," ते म्हणाले, आणि लगेच वळून पॉलिश पेपर भिजवायला घातला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघू दिलं नाही.

त्या ओरखड्यानं त्यांना छळलं. घासायला गेलं की कडा बोथट व्हायच्या, मेण लावलं की त्यात पांढरी रेघ भरायची. बोटाच्या टोकाला कापड गुंडाळून ते त्याच्याभोवती काम करत होते आणि आतलं मेण काडीनं कोरून काढत होते. मला म्हणाले, "काढायला अर्धा तास लागला असता. ठेवायला दीड दिस लागला."

गाडी पुरी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, हँडलखाली वाकल्या, चष्मा वर करून पाहिलं, आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन तयारच होता. हे म्हणाले, "बाई, आता उभ्या ऱ्हावा की म्होरं."

"नको," त्या म्हणाल्या. "मी आले की दार झाकलं जाईल."

अमेरिकेतल्या त्या तिघा भावंडांनी अर्ध्या दाराचा तो फोटो आणखी कुणाकुणाला पाठवला, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काही महिन्यांनी मी डबा द्यायला शेडवर गेले होते, तेव्हा नाशिकच्या बाजूनं एक जुनी मोटार येऊन थांबली. उतरलेल्या गृहस्थांच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो उलगडला. काळपट छपाईत आमचं दार, तुटलेला मथळा, रेषा. ते कागदाकडे आणि यांच्याकडे आळीपाळीनं पाहत म्हणाले, "हे अर्धं दार केलेलं मिस्त्री तुम्हीच का?"

यांनी हातातलं कापड खांद्यावर टाकलं.

"व्हय," म्हणाले. "आन् ऱ्हायलेलं अर्धंबी मीच केलं. तो फोटू बगायचाय का?"