काणीचा शकुन

माझा उजवा डोळा नागपूरच्या दवाखान्यात राहिला. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून मोठ्या आजाराची वाट नागपूरचीच. डोळ्यामागे कॅन्सरची गाठ होती. डॉक्टर म्हणाले, डोळा ठेवलात तर जीव जाईल. मी जीव ठेवला. डोणगावात परतले तर लोक काणी म्हणू लागले, आधी पाठीमागे, मग तोंडावर. बोलणाऱ्याचं तोंड कोणी धरावं? मी ओ देत गेले.

काही वर्षांनी मेहकरच्या डॉक्टरांनी आमच्याच गावच्या एका तरुण सुनेला माझ्याकडे पाठवलं. तिलाही तशीच गाठ. असा आजार त्यांनी उभ्या नोकरीत आम्हा दोघींचाच पाहिला होता. पोरीच्या कडेवर वर्षाचं मूल होतं.

"मावशी, दुखते काय?"

"दुखते. मंग थांबते."

"अन् त्याच्या मंग?"

डॉक्टर जे सांगत नाहीत ते मी तिला सांगितलं. चहा ओतताना धार कपाबाहेर जाते, म्हणून किटलीचं तोंड कपाला टेकवायचं. पायरी उतरताना आधी पायाने चाचपायची. नवऱ्याला चांगल्या डोळ्याच्या बाजूला बसवायचं, नाहीतर तो तोंडं वेंगाडतो ते दिसत नाही. ती हसली, आणि नागपूरला जायला तयार झाली.

सोबत मीच जाणार होते. निघायच्या दिवशी मोठ्या तोऱ्यात तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. सासू उंबरठ्यावर आली, मला पाहिलं आणि सुनेला हात धरून आत ओढलं. "काणी आडवी आली. आज नाई जायचं."

पुढचा चांगला दिवस सापडायला आठवडा गेला. तेवढ्यात पोरीचा डोळा आणखी बाहेर आला. मला सासूचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. काणीचा अपशकुन मला काय नवा होता? तरी दारात कशाला मिरवायला गेले?

नागपूरची रेल्वे खामगावहून धरायची, म्हणून पुढच्या वेळी मी आधीच खामगावच्या मोटारीत जाऊन बसले, तोंडावर पदर घेऊन. थोड्या वेळाने ती मंडळी आली. शकुनासाठी सासू स्वतः भरली घागर डोक्यावर घेऊन समोरून चालत आली. सुनेने मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"मावशी कुठं हायेत? त्यायचं तोंड पाहूनच निंगतो."

"काऊन वं? एवढा शकुन केला तुह्यासाठी," सासू म्हणाली.

"त्या गेल्या अन् वापस आल्या. गावात दुसरं कोण आलं वापस?"

मी पदर मागे सारून खाली उतरले. सासूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची घागर उतरवली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"आता या समोरून," ती म्हणाली.

मी चार पावलं मागे जाऊन पोरीच्या समोरून चालत आले. पाणी मानेवर सांडत होतं. तिने माझ्या रिकाम्या खोबणीकडे नीट पाहून घेतलं आणि मोटारीत चढली.

दीड महिन्याने आम्ही परतलो. मोटारीतून उतरताना तिने आधी पायरी पायाने चाचपली. खाली सासू नातवाला घेऊन उभी होती. तिने सुनेची पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"चला," ती म्हणाली, "वापस आलेल्या दोघी झाल्या."