न चाखता वाढलेलं कर्नल

चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेने मला, हा वाद जुना आहे. चाळीस वर्षं लग्नाच्या पंगतींना आचारी म्हणून राबलो आणि एकदाही चव घेतली नाही. नैवेद्याआधी जिभेला लावायचं नसतं. मीठ वासावर कळतं. ज्याला कळत नाही त्याने चहाची टपरी टाकावी.

आता वाकोल्यात सुनेचा कॉम्प्युटर क्लास आहे. मशिनी नऊ, आणि सकाळी दार उघडायला मी. मशिनीच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. पडदा, कीबोर्ड, नेट, सगळं त्याच्या हुकमात. सून तो प्रत्येक मशिनीवर वेगळा तयार करत बसत नाही. कोपऱ्यातल्या मोठ्या मशिनीवर एकदाच करते आणि वायरीतून सगळ्यांना पाठवते. हे मला फार पटलं. पातेलं एक, पानं नऊ.

त्या दिवशी अकराला आठ मुलांची परीक्षा होती, नेटवरची. बाहेरची परीक्षा आमच्याकडे पहिल्यांदाच आलेली. फिसकटली तर पुन्हा मिळणार नव्हती. सूनबाईची दाढ दुखत होती, ती घाटकोपरला डॉक्टरकडे निघाली.

"बाबा, नवं कर्नल तयार आहे. फक्त एक नंबरवर घाला. बाकीच्यांवर परीक्षेनंतर बघू."

मी मान डोलावली आणि ‘सर्व’वर बोट दाबलं. पाचशे पानं न चाखता वाढणारा माणूस एका पानाशी थांबेल होय? तेवढी नऊ नंबरची वायर मात्र आधीच काढून ठेवली होती. नवं कर्नल आलं की मशीन बंद होऊन चालू होते, आणि नऊवर माझा पत्त्यांचा डाव रंगात होता.

आठही मशिनी झकास उठल्या. नेट एकीलाही नव्हतं.

फोन केला. "एक नंबरवर नेट येत नाही."

"बरं झालं, एकावरच घातलं."

"शेजारच्यांवर पण गेलं थोडं."

"किती शेजारी, बाबा?"

"सात."

पलीकडे दाढ कोरायचं यंत्र घरघरत होतं. त्यावरून ती अर्ध्या तोंडाने म्हणाली, "मशीन चालू होताना यादी येते. खालचं नाव जुन्या कर्नलचं. ते निवडा. आठही ठिकाणी."

बादलीभर आमटी घेऊन पंगतीत फिरावं तसा फिरलो. अकराला दहा कमी असताना आठव्या मशिनीला नेट आलं. पोरं बसली, परीक्षा झाली.

दुपारी सून सुजलेला गाल घेऊन आली. नऊ नंबरची लोंबती वायर बघितली, पडद्यावरचा डाव बघितला.

"पाहुण्यांना वाढलंत आणि स्वतःचं पान झाकून ठेवलंत?"

"आचारी शेवटी जेवतो," मी म्हणालो.

"यापुढे पहिला जेवेल."

तेव्हापासून प्रत्येक नवं कर्नल आधी नऊ नंबरवर येतं. पोरांना मी सांगतो, वडीलधाऱ्याचा मान आहे. गेल्या खेपेला त्यापायी जिंकत आलेला डाव गेला. तो मी जिंकलो असंच वहीत लिहून ठेवलंय.