मला फिट येतात म्हणे

अकोटला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. जेवून हात धुवायला गेले, तर एक वयस्कर बाई माझ्याकडे निरखून पाहत होत्या. "ओळखलं का वं? माह्या पोरासाठी आमी तुले पाहाले आलो होतो, अमरावतीले."

मी ओळखलं. मुलगा मला आवडला होता. त्यांच्याकडून मात्र पुढे निरोपच आला नव्हता.

"आता बरी हायेस ना?" त्यांनी माझा हात धरला. "फिटा येनं बंद झालं का?"

मला आयुष्यात कधी फिट आलेली नाही.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तुह्या मायनंच. दुसऱ्या दिवशी फोन केला तिनं. म्हने, लग्नाच्या गोष्टीत लपवालपवी बरी नाई. लई खरी बाई."

एसटीत दर्यापूर कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. एकेक पाहुणे आठवत होते. पोहे खाऊन, हसून गेलेले आणि मग गप्प झालेले. दर वेळी आई माझ्या डोक्याला तेल लावत म्हणायची, "तुह्या नशिबातच नाई, बाई." आणि मी तिच्याच मांडीवर रडायचे. बाबा गेलेले, भाऊ बायकोला घेऊन नागपूरला. मी दवाखान्यात एक्स-रे काढायचे आणि घरी येऊन आईचं सगळं करायचे.

घरी आले तेव्हा ती अंगणात मेथी निवडत बसली होती.

"आई, मले फिटा येतात काय?"

तिचा हात थांबला. मग परत चालू झाला.

"मंग काय करू मी? तू गेली असती तं मले कोनं पाह्यलं असतं?"

"सगळ्याइलेच फोन केला तू?"

"सगळ्याइले काहून करीन? ज्याइले तू पसंत पडली, त्याइलेच."

ती रडेल, नाकबूल करेल, असं वाटलं होतं. ती रडली असती तर मीही विरघळले असते. पण भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं, तसं तिनं सांगितलं.

अकोल्याच्या एका दवाखान्यात जागा होती. ती घेतली, जठारपेठेत दोन खोल्या पाहिल्या. भावाचा फोन आला. "आईले टाकून चालली का तू?"

"टाकून नाई, दादा. तुह्या हवाली करून राहिली."

"आमच्याकडं जागा कुठं हाय?"

"मंग तू अमरावतीले ये."

त्यानं फोन ठेवला. निघताना आई दारात आडवी उभी राहिली. "लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले सांग, पोरीले फिटा येतात. तुले सवय हाय." तिला हातानं बाजूला केलं आणि ऑटोत बसले. मागे पाहिलं नाही.

आता शेजारची एक बाई तिचा स्वयंपाक करून जाते. भाऊ रविवारी येतो, कुरकुरत का होईना. नातेवाईक म्हणतात, पोरगी मायवरच गेली, मतलबी निघाली. असेन. इतकी वर्षं तिच्याजवळच तर होते.

मला वाटेल तेव्हा मी अमरावतीला जाते. परवा तिनं हळूच विचारलं, "तिकडं कोनी भेटला का?"

"भेटला तरी तुले सांगनार नाई."

ती फणकारून आत गेली. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि स्टँडवर आले.