परक्या खासदाराचा सत्कार

देशाचं नाव मी लिहिणार नाही. लिहून एकदा हात पोळून घेतलेत. आफ्रिकेतला एक देश, कापूस पिकवणारा, एवढं पुरे. तिथल्या संसदेच्या निवडणुकीचा निकाल मी कळसाडीला आमच्या ओट्यावर बसून ऐकला, आणि इतक्या आनंदानं ऐकला की आज त्या आनंदाची शिसारी येते.

मुलगा तिकडे जिनिंगमध्ये होता. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, आम्ही त्यांना रेचे म्हणतो, ती दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. शहाद्यात शिकला, फिटर म्हणून तिकडे गेला आणि तीन वर्षांत सगळ्या मिलची देखभाल त्याच्याकडे आली. सून आणि चार वर्षांची नात आमच्याकडे होत्या. त्याच्या कामाच्या परवान्याची मुदत संपत आली होती. तो पुन्हा मिळाला की कंपनी त्याला घर देणार होती, आणि मग बायको-पोरीला तो घेऊन जाणार होता. सुनेनं दोघींचे पासपोर्ट काढून ठेवले होते. नातीनं तर गल्लीत सगळ्यांना निरोप देऊन टाकला होता, म्हशीलासुद्धा. सगळं त्या एका परवान्यावर अडलं होतं.

आता माझं ऐका. मी जन्मभर शेती केली, पण जीव राजकारणात. उभा कधी राहिलो नाही, तेवढी छाती नव्हती. पण ग्रामपंचायत असो की लोकसभा, मतमोजणीच्या दिवशी मी आत, टेबलाला चिकटून. कोणाचा प्रतिनिधी म्हणून, ते त्या त्या वर्षावर अवलंबून. माझी एक पद्धत होती. सकाळीच दोन हार आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. निम्म्या फेऱ्या झाल्या की वारं कळतं. मग गुलाल उधळायच्या आत गाडीपाशी पोचायचं आणि बरोबर गळ्यात हार टाकायचा. पहिल्या पाचांत तुमचा हार पडला तर तुमचा चेहरा ध्यानात राहतो, नंतरचे हार ड्रायव्हरशेजारच्या सीटवर फेकले जातात. या पहिल्या हारांच्या जोरावर मी शेतात विजेची डीपी बसवून घेतली, भाच्याची बदली थांबवली. गावात लोक मला मानायचे ते यासाठीच. निदान मला तरी तसं वाटायचं.

तर तिकडे मतदान झालं आणि मोजणी सुरू झाली. शाळेच्या अंगणात कंदील-टेबलं मांडून हातानं कागद मोजतात, निकाल दारावर चिकटवतात, असं मुलानं सांगितलं. मी लगेच वही घेतली. उमेदवार कोण, पुढे कोण, मागे कोण, मी तासातासाला फोन करून विचारायचो. तो वैतागायचा. एक जुना खासदार होता आणि एक नवा, ट्रकवाला. दोघंही प्रचारात एकच ओरडत होते, बाहेरचे लोक आपली कामं खातात. हे मुलानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. म्हटलं, प्रचारात लोक काहीही बोलतात, आपल्याकडे काय वेगळं आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकवाला पुढे गेला. मी फोन लावला आणि सांगितलं, हार घेऊन जा, पहिला जा. नारळ मिळाला तर उत्तम, नाही तर शाल तरी घाल. खासदाराचं पत्र मिळालं की परवाना आठ दिवसांत हातात.

तो म्हणाला, "आप्पा, आठे आसं नही चालत. परवान्यानं काम कंपनी पाही लेस. मी काम कराले येल शे, राजकारण कराले नही."

मी म्हटलं, "सगळीकडे असंच चालतं. माणूस इथून तिथून सारखाच."

तीनदा नाही म्हणाला तो. मी मोजलंय, नंतर पुष्कळ वेळा मोजलंय. चौथ्यांदा मी हुकमाचं पान टाकलं. सून ओट्यावर शेंगा फोडत होती, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुझी बायको-पोरगी इथं खोळंबलीय, आणि तुला एक हार टाकायला लाज वाटते?" सुनेनं मान वर केली नाही. मग तो फोनवर म्हणाला, बरं.

तास-दीड तासानं फोटो आला. कागदी फुलांचा हार, मिलमधल्या बायकांनी ओवलेला. सुनेनं जाताना दिलेली शाल त्या ट्रकवाल्याच्या खांद्यावर. तो गोंधळून हसतोय, मुलगा हात जोडून उभा, आणि मागे मिलची गाडी, नावासकट. संध्याकाळपर्यंत निकाल जाहीर झाला. ट्रकवालाच आला. मी ओट्यावर उभा राहून ओरडलो, "आपला माणूस आला!" आपला! त्या माणसाचं नावसुद्धा मला धड घेता येत नव्हतं.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी कसला थांबतोय! शहाद्यात एक फ्लेक्सवाला आहे, बापापासून त्यांची सायनबोर्ड रंगवायची पिढीजात कला. आमची वीस वर्षांची ओळख, माझे सगळे अभिनंदनाचे फलक त्याच्याचकडे. फोटो त्याला दिला आणि मजकूर सांगितला. मधोमध सत्काराचा फोटो, वर मुलाचं नाव, आणि खाली, ‘परदेशात खासदार निवडून आणण्यात सिंहाचा वाटा असणारे कळसाडीचे सुपुत्र’. शुभेच्छुक म्हणून मी आणि समस्त ग्रामस्थ.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "काका, ये जरा ज्यादा हो गया. उसने तो सिर्फ हार डाला ना?"

मी म्हटलं, "भाऊ, सगळ्या फलकांवर तू हेच लिहितोस. गेल्या निवडणुकीत तुझ्या दुकानातून सिंहाचे किती वाटे निघाले?"

तो हसला. खरंच होतं ते. आमच्या तालुक्यात ज्यानं मतदानाच्या दिवशी दोन म्हाताऱ्यांना रिक्षात बसवलं त्याचाही सिंहाचा वाटा असतो, आणि वाचणाऱ्याला तो किती ते बरोबर कळतं. कोणी ते खरं धरत नाही. तेवढ्यावरही माझं समाधान झालं नाही. मी म्हटलं, खाली इंग्रजीतही टाक, म्हणजे तिकडच्या लोकांनाही दाखवता येईल. त्यानं टाकलं. फलक फाट्यावर लागला आणि त्याचा फोटो मी दिसेल त्या ग्रुपवर, फेसबुकवर सगळीकडे पाठवला. दिवसभर फोन येत होते. "आप्पा, पोऱ्यानी गावनं नाव काढं!" मी सगळ्यांना चहा पाजला.

पोराची आई तेवढी म्हणाली, "त्याले इचारं का तुम्ही?" मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, बाप आहे मी त्याचा.

पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला. तिकडे हरलेल्याच्या माणसांना तो फलक फेसबुकवर सापडला होता. इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, की या परदेशी माणसानं खासदार निवडून आणला. पुरावा म्हणून शाल, हार आणि मिलची गाडी. तिथं आमचं सिंहाचं गणित कोणाला माहीत? लिहिलंय म्हणजे केलंय. मिलच्या फाटकावर घोषणा झाल्या. बाहेरच्यांनी पैसा ओतून आमची निवडणूक विकत घेतली, असा गवगवा झाला.

मी म्हटलं, "घाबरू नको, खासदार आपला आहे. त्याला भेट."

त्याला भेटायची गरज पडली नाही. खासदारसाहेब स्वतःच रेडिओवर बोलले. म्हणाले, या माणसाला मी ओळखत नाही, गर्दीत येऊन त्यानं माझ्या अंगावर कापड टाकलं, त्याची चौकशी व्हावी आणि त्याला परत पाठवावं. वर वाहवा मिळवली. हरलेल्याचं तोंड बंद झालं आणि याचे हात स्वच्छ राहिले. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, हे मला त्याच क्षणी समजलं. तीस वर्षं मी असल्याच माणसांच्या गाड्यांमागे धावत होतो आणि ते असंच वागतात हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून मी पोराला त्याच्यापुढे ढकललं.

कंपनीच्या मालकानं मुलाला बोलावून एवढंच विचारलं, हे कोणी लिहिलं? मुलगा म्हणाला, माझ्या वडिलांनी. मालक म्हणाला, मग मी काय करू? सरकारनं आठ दिवसांची मुदत देऊन त्याला देशाबाहेर काढलं. नवा परवाना सोडाच, जुन्यावरच रद्दचा शिक्का मारला. पासपोर्टवर तो लाल शिक्का मी पाहिलाय. उंबऱ्यात बॅग टेकवून त्यानं पासपोर्ट माझ्यासमोर धरला.

तोवर फाट्यावरचा फलक पोराच्या आईनं विळ्यानं उतरवला होता. ती एकटी गेली, भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. चहा पिऊन गेलेले तेच लोक तिथं उभे होते, कोणी पुढे झालं नाही. मीही घरीच बसलो होतो.

पाच महिने तो घरी होता. शहाद्याच्या जिनिंगमध्ये हंगामापुरता लागला, सकाळी डबा घेऊन जायचा, आल्यावर पोरीशी खेळायचा. माझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीवरची मोटार चालू करू का, बंद करू का, एवढंच. मी वाट पाहत होतो की तो भांडेल, शिव्या देईल. मीच एकदा न राहवून म्हटलं, "अरे, तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी?"

तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "आप्पा, तठे मन्ही सोतानी वळख व्हती. कोना पोऱ्या शे, आसं कोनी इचारे नही." आणि पुन्हा जेवायला लागला. मला त्याच्यासमोर बसवेना. उठून गोठ्यात गेलो आणि ढसाढसा रडलो, या वयात.

नंतर त्याला दुसरीकडे नोकरी लागली, परदेशातच. लाल शिक्का असताना कशी लागली, किती ठिकाणी हात जोडले, मला काही माहीत नाही. या वेळी तो पहिल्या दिवसापासून बायको-पोरीला घेऊन गेला. निघताना पाया पडला, रीत म्हणून. नात झोपेत होती.

आता रविवारी आईच्या फोनवर त्याचा फोन येतो. ती तो घेऊन मागच्या दारी जाते. माझ्या नातीचा आवाज भिंतीपलीकडून येतो, शब्द कळत नाहीत. परवा फोन ठेवून ती आत आली तेव्हा मी विचारलं, "कुठल्या देशात आहे गं तो?"

ती तांदूळ निवडायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हले सांगू नको म्हने."