मॅडमचे दिवस

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. वेचणीच्या दिवसांत शेतातून नुसतं चालत गेलं तरी कपड्याला कापूस लागून येतो ना, तसंच त्यांचं. आमची शाळा बेल्याजवळच्या एका खेड्यातली, मराठी माध्यमाची. शिकवणारे दोघंच. एक मी, आदिलाबादहून रोज बसने येणारी. दुसरे आमचे हेडसर. त्यांची मातृभाषा तेलुगू. मराठी ते हौसेनं शिकलेत, आणि हौसेला व्याकरण नसतं!

पण यंदाचं सांगायचं तर मागच्या वर्षीचं आधी सांगावं लागेल. मला तिसरा महिना लागला आणि मी आनंदाच्या भरात वर्गात सांगून टाकलं. पोरांनी तिथल्या तिथं नावं काढायला घेतली. एकाचा हट्टच होता, बाळाचं नाव 'सर्जा' ठेवा.

मी म्हटलं, "अरे, ते तर तुमच्या बैलाचं नाव!"

"मंग? चांगला चालते तो!"

पोरांनी ते घरी सांगितलं, घरच्यांनी गावात सांगितलं. कुणी लिंबाचं लोणचं पाठवलं, कुणी ज्वारीच्या कण्या. आणि पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं.

सुट्टी संपवून शाळेत आले तर गावातल्या बाया एकेक करून यायच्या, हात धरून बसायच्या. माया होती त्यांची, नाही कुठं म्हणते मी? पण साऱ्या गावाला आनंद सांगितला होता, म्हणून साऱ्या गावाला तेही सांगावं लागलं. पोरांना मात्र कुणी काहीच सांगितलं नव्हतं. दुसरीतला एक जण पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, बाळाले घरीच ठेवून आल्या का?"

मी "हो" म्हटलं आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

*

यंदा पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी ठरवलंच होतं की या वेळी कुणाला कळू द्यायचं नाही. निदान पोरांना तरी नाहीच. तो प्रश्न पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नव्हती.

सासूबाईंचंही तेच मत. आता आमच्या सासूबाई म्हणजे विहारात उभं राहून बायांना ठणकावून सांगणाऱ्या. नजर लागत नसते, दृष्ट काढू नका, डोकं वापरा! त्याच मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सातव्यापर्यंत कोनाले सांगू नोको."

मी म्हटलं, "आई, तुम्हीच म्हणता ना, नजरबिजर काही नसतं?"

"नसतेच. पन सांगू नोको!"

*

सगळ्यात आधी ओळखलं ते शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सुनंदाबाईंनी. अंड्याचा दिवस होता. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मी पदर तोंडाला लावून जी सुटले ती थेट हापशाच्या मागे. परत आले तर बाई अंडी सोलत बसलेल्या. वरही बघितलं नाही.

"मॅडम, म्या काई पायलं नाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुढचं अंडं उचललं.

"आन जे पायलं नाई, ते मी कोनाले सांगनार बी नाई."

बाईंनी शब्द पाळला. फक्त त्या दिवसापासून अंडी शाळेत न उकडता घरून उकडून आणायला लागल्या. हेडसरांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "इथल्या चुलीले अंडं मानवत नाई, सर." सरांना वाटलं, मराठीत असं म्हणत असतील.

*

त्याच सुमारास माझा वर्ग एकदम सुधारला. एरवी मधली सुट्टी झाली की दारात रेटारेटी, पाटीवरून भांडणं, ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. आता पोरं ओळीनं बाहेर जाऊ लागली. पुस्तकांचा गठ्ठा उचलायला वाकले की माझ्याआधी कुणीतरी उचललेला. खुर्ची सावलीत. ओरडायची वेळच येईना!

मी फुशारून हेडसरांना म्हटलं, "सर, पाहिलंत? शिस्त कशी लागते ते!"

सर विचारात पडले. म्हणाले, "मॅडम, मीपण शिस्त लावतो. मला का लागत नाही?"

*

सहावा महिना सरत आला. आमच्याकडची थंडी कामाला आली, शालीखाली सगळं झाकून गेलं. पालकही कापूस वेचायला शेतात, शाळेकडे कोण फिरकतंय! पण बाळंतपणाची रजा टाकायची तर सरांना सांगणं भाग होतं. पुरुष माणूस, वयानं मोठे. मी लाजत लाजत म्हटलं, "सर, मला दिवस गेलेत."

सरांनी चष्मा काढला. "कुठे गेले? तुमच्या तर सगळ्या सीएल शिल्लक आहेत!"

शेवटी तेलुगूत सांगितलं, तेव्हा कुठं उजेड पडला. इतके आनंदले! आपल्या दोन्ही बाळंतपणांत बायकोनं काय काय खाल्लं होतं, तेही सांगून झालं. मग गंभीर झाले. मागच्या वर्षी मला परत शाळेत येताना त्यांनी पाहिलं होतं. "पालकांना मी सांगतो," ते म्हणाले. "तुम्हाला एकेकाला सांगायला नको."

खरं सांगते, त्या एका वाक्यासाठी त्यांचं सारं व्याकरण माफ.

सरांनी शनिवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला: "सर्व पालकांना नमस्कार. आपल्या मॅडमचे दिवस आहेत. सोमवारी सगळ्यांनी शाळेत यावे. मॅडमनंतर शाळा कशी चालवायची, ते ठरवू."

माझा फोन रविवारभर वायर सोललेल्या चार्जरवर मेलेला. मला पत्ताच नाही. सोमवारी बसमधून उतरून शाळेत आले, तर अंगणात माणसंच माणसं. बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, पुरुष टोप्या काढून उभे. फाटकात मला पाहून एक आजी किंचाळली, "अव माय! आली!"

एका पोराचे वडील कसेबसे पुढे झाले. "मॅडम... तुमी हाय?"

"हाय ना. काऊन?"

त्यांनी हातातला हार पाठीमागे लपवला. एका 'चे'नं सरांनी मला पार वर पोचवलं होतं! खरा प्रकार कळला तेव्हा हसून हसून लोकांची पोटं दुखली. तो हारही वाया जाऊ दिला नाही, मलाच घातला. मग हसणं ओसरलं. मागच्या वर्षीचं सगळ्यांनाच आठवलं असणार. ती किंचाळणारी आजी जवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या खेपी नीट होते, पोरी." माझे डोळे भरून आले. कुणीच काही विचारलं नाही, सगळे आपापल्या शेताकडे निघून गेले.

*

राहिली पोरं.

आईबापांना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत पोरांना कळणार. त्याआधी मीच सांगायला हवं होतं. वर्गात गेले. पुन्हा तसंच झालं तर? पुन्हा कुणी विचारलं तर? टेबलाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "पोरांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या घरी बाळ येणार आहे."

कुणी ओरडलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी नाव सुचवलं नाही. सगळी पोरं तिसरीतल्या रेणुकाकडे बघायला लागली. वर्गाची मॉनिटर ती. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, आमाले मालूम हाय."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. हापशामागं ओकतानी पायलं ना तुमाले."

मी खुर्चीवर बसलेच. "साऱ्यांना?"

"साऱ्यायले."

"मग इतके दिवस बोलला काऊन नाही, पोरांनो?"

रेणुकानं एकदा मागे वळून वर्गाकडे पाहिलं. पोरांनी माना हलवल्या, तशी ती म्हणाली, "मागच्या खेपी साऱ्यायले सांगतलं होतं ना, मॅडम. म्हनून यंदा कोनालेच नाई सांगतलं. तुमाले बी नाई!"