वडिलांची शपथ, मुलाचा पासपोर्ट

नेदरलँड्सच्या क्लबचा तिसरा मेल आला. "लूकसच्या डच पासपोर्टची कॉपी अजून मिळाली नाही." तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

मी मेलबर्नच्या एका फुटबॉल एजन्सीत खेळाडूंचे व्हिसा आणि करार बघते. भारतातून इथल्या क्लेटन उपनगरातल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले आणि या धंद्यात पडले. लूकस आमचा चोवीस वर्षांचा डिफेंडर. तिकडच्या छोट्या क्लबला तो आवडला होता. ट्रायल झाली, अटी ठरल्या. माझ्या भरवशावर त्याने इथल्या क्लबचा नवा करार नाकारला.

आता नियम सांगते. बाहेरचे खेळाडू किती घ्यावेत याला तिथे मर्यादा नाही. अट पगाराची आहे. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला तिथल्या वरच्या लीगच्या सरासरीच्या दीडपट पगार द्यावा लागतो, नाहीतर वर्क परमिट नाही. छोट्या क्लबला ते झेपत नाही. डच पासपोर्ट असला की प्रश्नच मिटला.

लूकसचे वडील यान जन्माने डच, बोलण्याची ढब अजून तिकडचीच. मी लूकसला बिनधास्त सांगितलं होतं, "डॅड डच, म्हणजे तूही डच. अप्लाय कर, नो वरीज."

मी यानना फोन लावला. ते टाइल्स बसवायचं काम करतात. मागे कटर चालू होता.

"पासपोर्टचं कुठे अडलंय?"

"कॉन्सुलेटला माझं ऑस्ट्रेलियन सिटिझनशिपचं सर्टिफिकेट हवंय. कशाला, कोण जाणे."

"त्यावर तारीख काय आहे, यान?"

त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन वाचून दाखवली. लूकसच्या जन्माच्या सहा आठवडे आधीची.

त्या वेळच्या डच कायद्याने, आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की डच नागरिकत्व आपोआप जायचं. लूकस जन्मला तेव्हा यान डच उरलेच नव्हते. मग मुलगा कुठून डच होणार?

खरं तर हे मला सुचायला हवं होतं. इथल्या काउन्सिलच्या हॉलमध्ये मीही ऑस्ट्रेलियन नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. भारतीय पासपोर्ट परत केला तेव्हा चार दिवस मला जेवण गेलं नव्हतं. पण ही अडचण आपलीच, असं डोक्यात पक्कं बसलेलं. गोऱ्या, युरोपच्या माणसाला कसला पासपोर्टचा त्रास, असं मी धरून चालले.

माझा बॉस गॅव्हिन एवढंच म्हणाला, "क्लबला आजच सांग. गोडगोड करून नको."

सांगितलं. दोन ओळींत नकार आला.

लूकस आणि यान दोघे ऑफिसला आले. यान माझ्याशी नाही, टेबलाशी बोलत होते. "बाळ जन्माला येताना त्याचा बाप परका नको, म्हणून मी घाई केली. नवा सूट शिवला होता."

"इट्स ओके, डॅड," लूकस म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू तारीख विचारली का नाहीस?"

मी सॉरी म्हटलं. मला फार लाज वाटली, आजही वाटते.

इथल्या क्लबने तोवर त्याच्या जागी दुसरा घेतला होता. लूकस आता वीकेंडला खालच्या लीगमध्ये खेळतो आणि बाकी दिवस वडिलांबरोबर टाइल्स बसवतो.

आमच्या फॉर्मवर "पासपोर्ट कुठला?" याच्याही आधी आता एक प्रश्न असतो: आईवडिलांनी शपथ कधी घेतली? उत्तराखाली खेळाडूची सही लागत नाही. माझी लागते.