कस्टर्डवरचं मीठ

ब्रिस्टलच्या एका कसिनोत मी वेटर होतो. साडीवर कार्डिगन घातलेल्या एक बाई दर शनिवारी दुपारी फाशांच्या टेबलाशी यायच्या. समोरचे गृहस्थ फासे टाकणारा जिंकणार म्हणून पैसे लावत. बाई तेवढेच तो हरणार म्हणून. एकाचे गेले की दुसऱ्याला मिळत. मोठे जुगारी समजून कसिनो दोघांनाही फुकट जेवायला घाली. जेवायची टेबलं अर्थात वेगळी.

एकदा कस्टर्ड खाता खाता बाई वळून त्या गृहस्थांना म्हणाल्या, "अहो, गोळी घेतलीत का?"

मी काय ते समजलो. गोऱ्या मॅनेजरने मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"त्या टेबलावरचं मीठ मागतायत."

मी मीठ आणून दिलं. बाईंनी ते कस्टर्डवर भुरभुरलं आणि वाटी चाटूनपुसून संपवली.